सायकलवरून उतरून कमावलेला दमसास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या दोन पिढ्यांना व्यायामाची गोडी लावली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून सायकलबद्दल बोलायला मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. मागच्या रांगांमध्ये काही जण हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेत, ते मला इथून दिसतायत. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पण ज्यांनी शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, त्यांनीही बसून ऐकावं अशी विनंती आहे. कारण सायकलवर बसून काय करायचं यापेक्षा सायकलवरून उतरून काय करायचं, यावर मी जास्त बोलणार आहे.

विषय कळल्यावर एका जुन्या सायकलस्वार मित्राने मला विचारलं, "अहो, सायकलचा दम वाढवायचा तर सायकलच मारायला हवी ना? टेकडी चढून आणि पोहून सायकल कशी सुधारणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजचं व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा. अर्धं उत्तर 'सुधारते' असं आहे, अर्धं 'सुधारत नाही' असं आहे. कुठलं अर्धं कुठे लागू पडतं, तेवढं समजलं तरी पुरे.

आधी हे पाहू, की लांब पल्ल्याचं सायकलिंग मागतं तरी काय?

टीव्हीवर आपण शर्यतीचा शेवटचा अर्धा किलोमीटर बघतो. सीटवरून उठलेले, दात आवळलेले स्वार, आणि एका चाकाने लागलेला निकाल. ते दृश्य मनात ठसतं आणि आपण तसाच सराव करायला लागतो. पण आपल्याकडचे बहुतेक हौशी स्वार काय करतात? ते बीआरएम करतात, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या मुदतीत पुरं करतात. आता बीआरएमचा हिशेब बघा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास. ३०० ला २० तास. ४०० ला २७. ६०० ला ४० तास. भागाकार करा, कुठलंही अंतर घेतलं तरी उत्तर ताशी १५ किलोमीटरच्या आसपासच येतं. त्यातच चहा, जेवण, पंक्चर आणि जमली तर डुलकी. चार वर्षांतून एकदा होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस घ्या. १२०० किलोमीटर आणि जास्तीत जास्त ९० तास. वेग आणखी कमी.

अजून पुढे जाऊ. अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा अशी 'रेस अक्रॉस अमेरिका', म्हणजे रॅम. सुमारे ४८०० किलोमीटर. एकट्याने करायची तर मुदत १२ दिवस. म्हणजे दिवसाला ४०० किलोमीटर. झोपेसकट हिशेब केला तर तासाला साधारण १७. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने ही शर्यत पूर्ण केली. दोनच वर्षांनी, २०१७ साली, सैन्यातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने, मुदतीच्या आत पुरी केली. लक्षात घ्या, चौघेही डॉक्टर. जन्मभर फक्त सायकलच चालवत आलेले व्यावसायिक खेळाडू नव्हेत. या गोष्टीचा मला फार अभिमान वाटतो, आणि आजच्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे.

कारण या सगळ्या आकड्यांतून एकच गोष्ट दिसते. लांब पल्ला तुमच्याकडे वेग मागत नाही. पहिल्या तासाला असलेला साधा वेग तिसाव्या तासालाही टिकवा, एवढंच तो मागतो.

६०० च्या बीआरएमला रात्री तीन वाजता एखाद्या कंट्रोलवर उभे राहा. कंट्रोल म्हणजे काय, तर बऱ्याचदा हायवेलगतचं एखादं एटीएम. स्वार येतो, पोहोचल्याचा पुरावा म्हणून एटीएमची चिठ्ठी काढतो. बोटं बधिर झालेली, त्यामुळे पिनचे आकडे चुकतात. चिठ्ठी घडी करून ब्रेव्हे कार्डाच्या, म्हणजे नोंदपत्राच्या, पिशवीत घालतो आणि पायरीवर टेकतो. आता नुसतं बघत राहा. हा माणूस केळं सोलतोय का? पाणी पितोय का? शेजाऱ्याशी बोलतोय का? जो खातो, पितो, बोलतो, तो अर्ध्या तासाने पुन्हा सायकलवर असतो. ज्याला अन्न बघूनच मळमळतंय, त्याचं पुढचं अवघड असतं. आणि त्याला विचारलंत तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: पहिले शंभर-सव्वाशे किलोमीटर फार जोरात मारले.

असं का होतं? शरीरात दोन प्रकारचं इंधन असतं. एक साखरेचं, जे स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं असतं. ते साधारण दीड ते दोन हजार कॅलरींचं, संपलं की संपलं. दुसरं चरबीचं. साठ किलोच्या सडसडीत माणसाच्या अंगातही साठ-सत्तर हजार कॅलरींची चरबी असते. जोर वाढला की शरीर साखर जाळतं. जोर कमी असला की चरबीचा वाटा वाढतो. ज्याच्या शरीराला चरबीवर चालण्याची सवय आहे त्याचं साखरेचं कोठार उशिरा रिकामं होतं. आणि ही सवय अंगी बाणते ती तासन्तास सावकाश केलेल्या श्रमाने.

आता या 'सावकाश'पाशी थोडं थांबायला हवं, कारण सगळी गल्लत इथेच होते.

सावकाश म्हणजे किती सावकाश? प्रयोगशाळेत बोटातून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट मोजतात. ते लिटरमागे दोन मिलिमोलच्या आसपास किंवा त्याखाली राहिलं, तर श्रम हलका. पण आपल्याला प्रयोगशाळेची गरज नाही. शेजारी कुणीतरी असावं आणि तुम्हाला त्याच्याशी पुरी वाक्यं बोलता यावीत. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागला, तर जोर जास्त झाला. गाणं म्हणता येत असेल, तर थोडा वाढवायला हरकत नाही. ही कसोटी फुकट आहे आणि घड्याळावरच्या आकड्यापेक्षा पुष्कळदा खरी असते. '२२० वजा वय' हे सूत्र तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या हृदयाच्या कमाल ठोक्यांत वीस-वीसचा फरक सहज असू शकतो. सूत्राला ते माहीत नसतं. तुमच्या श्वासाला माहीत असतं.

अशा हलक्या श्रमाने होतं काय? पहिली गोष्ट रक्तात होते. पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो. त्यामुळे हृदयाच्या कप्प्यात दर ठोक्याला जास्त रक्त भरतं आणि दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं. काही महिन्यांत डावा कप्पा स्वतःच थोडा मोठा होतो. तेच काम कमी ठोक्यांत होतं, आणि सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी उतरते. दुसरी गोष्ट स्नायूंत होते. तिथे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आणि पेशींतली प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणारी केंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढतात. अमेरिकेतल्या जॉन हॉलोसी यांनी १९६७ साली दाखवलं, की उंदरांना काही आठवडे नियमित पळवलं तर त्यांच्या पायांच्या स्नायूंतली प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट होते. त्यांचे उंदीर काही हळूच पळत नव्हते, मधूनमधून जोरातही पळत होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण रोजचा दीर्घ सराव स्नायूची जडणघडणच बदलतो, हे त्या दिवसापासून पक्कं झालं.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो. यातलं किती टेकडीवर कमावता येतं आणि सायकलवर खर्च करता येतं?

१९७०च्या दशकात स्वीडिश शास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. माणसांना एकाच पायाने सायकल मारायला लावली. काही आठवडे. मग दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे सुईने काढून तपासले. काय दिसलं? सराव झालेल्या पायाच्या स्नायूत बदल झाला होता. न झालेल्या पायाच्या स्नायूत तो नव्हता. एकाच माणसाचे पाय, एकच हृदय, एकच रक्त, तरीही एका पायाने कमावलेलं दुसऱ्याला मिळालं नाही!

म्हणजे माझा मित्र बरोबर बोलत होता का? अर्धा बरोबर. स्नायूंत होणारा बदल ज्या स्नायूंना राबवाल त्यांच्यातच होतो. पोहून खांदे तयार होतात, मांड्या नाही. पण हृदय एकच आहे. रक्त एकच आहे. ते हातांनी वाढवलं काय, पायांनी वाढवलं काय, सगळ्या शरीराचं असतं. म्हणून सायकलखेरीजचा व्यायाम निवडताना पहिला प्रश्न हा विचारायचा, की यात मांड्या आणि नितंब राबतात का? राबत असतील तर दोन्ही फायदे. नसतील तर एकच, पण तोही थोडाथोडका नाही.

याचे पुरावे मैदानात आहेत. कॅनडाच्या क्लारा ह्यूज यांनी १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सायकलिंगची दोन कांस्यपदकं जिंकली, आणि २००६ साली तुरिनला बर्फावरच्या पाच हजार मीटर स्केटिंगचं सुवर्ण. स्केटिंगमध्ये मांडी आणि नितंब जवळजवळ सायकलसारखेच राबतात, हे त्यातलं मर्म. कॅनडाचेच मायकल वूड्स. हे मैलभर अंतर चार मिनिटांच्या आत पळणारे धावपटू. पायाच्या दुखापतीने धावणं सुटलं आणि ते सायकलकडे वळले. २०२३च्या टूर द फ्रान्समध्ये पुय द दोमच्या उभ्या चढावरचा टप्पा त्यांनी जिंकला. धावपटूचं हृदय सोबत आलं. पण घोळक्यात सायकल हाताळणं त्यांना नव्याने शिकावं लागलं. दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवा.

मला मात्र या सगळ्यांपेक्षा आपल्या जास्त जवळची वाटतात ती नॉर्वेतली स्कीवर धावणारी माणसं. का सांगू? त्यांच्या खेळाला बर्फ लागतो, आणि वर्षातले कित्येक महिने बर्फच नसतो. मग ती काय करतात? घरी बसतात? नाही. डोंगर चढतात, सावकाश धावतात, सायकल चालवतात, चाकं लावलेल्या स्कीवर डांबरी रस्त्याने जातात. त्यांच्यातल्याच मारिट ब्योर्गेन यांनी हिवाळी ऑलिंपिकमध्ये १५ पदकं जिंकली. त्यांच्या अनेक वर्षांच्या सरावाच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या, तेव्हा दमसासाच्या एकूण सरावापैकी ९० टक्क्यांच्या आसपास सराव हलक्या जोराचा निघाला. पंधरा पदकं, आणि नव्वद टक्के सराव हलका! नॉर्वेतच काम करणारे स्टीफन सायलर यांनी वेगवेगळ्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला. नौकानयन, धावणं, सायकल, स्की, सगळीकडे साधारण एकच प्रमाण: दहांतली आठ सत्रं हलकी, दोन खरोखर कठीण.

आता आपल्याकडे बघा. आपली अवस्था नॉर्वेकरांसारखीच नाही का? त्यांना उन्हाळ्यात बर्फ नसतो, आपल्याला पावसाळ्यात रस्ता नसतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घाटात खड्डे, वळणावर वाहून आलेली खडी, धुकं, मागून येणारे ट्रक. खंबाटकी असो, पसरणी असो, आंबेनळी असो. भर पावसात पहाटे पाचला तिथे सायकल घेऊन जा, असं मी कुणाच्याही मुलाला सांगणार नाही. आणि लांब पल्ल्याच्या मोठ्या शर्यती कधी असतात? पाऊस ओसरल्यावर. पुणे ते गोवा ६४३ किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' पावसाळा संपला की येतेच. म्हणजे ज्या महिन्यांत पाया घालायचा, नेमके तेच महिने रस्त्यावर निघता येत नाही.

मग बहुतेक स्वार काय करतात? सायकल भिंतीला टेकवून ठेवतात. आणि हृदय काही तुमच्यासाठी थांबत नाही. बसून राहिलात की दोन-तीन आठवड्यांत रक्तातला वाढलेला द्रवभाग उतरायला लागतो, ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं. सप्टेंबरअखेर सायकल पुसून बाहेर काढली की माणूस घाबरतो, आणि गेलेलं सगळं दोन आठवड्यांत परत मिळवायला रोज छाती फुटेस्तोवर मारतो. गुडघा तिथे जातो. उत्साह तिथे जातो.

गाणं शिकणाऱ्याला गुरू पहाटे खर्जात बसवतात. महिनोन्‌महिने एकेक स्वर धरून ठेवायचा. शेजारच्याला वाटतं, याची कधी तान ऐकू येईल? पण खर्जाशिवाय तान टिकत नाही, हे गुरूला ठाऊक असतं. पावसाळ्यातला सावकाश व्यायाम हा सायकलस्वाराचा खर्ज आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं? माझ्या मते आपल्याकडे सायकलस्वाराला सर्वांत उपयोगी व्यायाम म्हणजे टेकडी चढणं. पळत नाही, चालत. पुण्याला वेताळ टेकडी आहे, सिंहगड आहे. नाशिकला पांडवलेणी आहेत. साताऱ्याला अजिंक्यतारा आहे. कोल्हापूरला जोतिबाचा डोंगर आहे. महाराष्ट्रात बहुतेक गावांना घरापासून तासाभराच्या आत कुठला ना कुठला चढ सापडतो. ही केवढी श्रीमंती आहे! नेदरलँड्समधल्या माणसाला विचारा.

चढच का? सपाटीवर चालणं सरावलेल्या स्वाराला पुरत नाही, नाडी वर जातच नाही. चढावर जाते. आणि चढताना मांडी, नितंब, पोटरी जवळजवळ पायडल दाबल्यासारख्याच कामाला लागतात. शिवाय पावलागणिक हाडांवर भार येतो. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. सायकलवर वजन सीटवर असतं. वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांची, अगदी तरुण शर्यतपटूंचीही, कमरेच्या मणक्यांतली हाडं विरळ झालेली आढळतात. वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांच्या बाबतीत ही गोष्ट आहे. पोहण्यानेही हाडांना तो भार मिळत नाही. चालण्याने, चढण्याने, उतरण्याने मिळतो. चाळिशीपुढच्या स्त्रियांनी तर हे गाठीशी बांधून ठेवावं.

एखाद्या स्वाराबरोबर टेकडीवर चला, म्हणजे सगळी अडचण डोळ्यांपुढे येते. पायथ्याशी तो गप्पा मारत असतो. गेल्या रविवारी कुणी किती किलोमीटर मारले, कुठल्या कंपनीचा टायर बरा. पहिल्या वळणानंतर पुढे दोन कॉलेजातली पोरं झपाझप जाताना दिसतात. याची पावलं नकळत लांब होतात. वाक्यं तुटायला लागतात. "मी त्याला म्हटलं की..." आणि श्वास. "की हा टायर..." आणि श्वास. इथे थांबवायचं. हाताला धरून थांबवायचं. त्याला वाटतं, आपली परीक्षा चाललीय. नाही. वाक्य पूर्ण होईल इतकी चाल खाली आणायची आणि पोरांना पुढे जाऊ द्यायचं. माझ्या अनुभवात सायकलस्वाराला शिकवायची ही सर्वांत अवघड गोष्ट आहे. छाती फुटेपर्यंत पळायला सांगा, पळतो. मागे राहायला सांगितलं की त्याला अपमान वाटतो.

आणि इथेच आपल्या सायकलगटांचा मोठा दोष आहे. तो मी स्पष्टपणे मांडतो. आपण हलकं कधीच मारत नाही आणि खरं कठीणही कधीच मारत नाही. रोज मधलंच. पहाटे दहा जण निघतात, आणि कुणीच पुढच्याचं चाक सोडायला तयार नसतं. घरी येताना थकवा असतो, घाम असतो, समाधान असतं. पण दमसास वाढायला लागणारे तास असे जमत नाहीत, कारण एवढ्या थकव्यावर आठवड्याला दहा-बारा तास काढणं नोकरदाराला अशक्य होतं. आणि ज्या दिवशी खरोखर जोर लावायचा असतो, त्या दिवशी पायात जोर उरलेला नसतो. दोन्ही हातचं जातं. हलका व्यायाम हलका ठेवायचा तो आळसाने नाही. तो रोज करता यावा, उद्याही करता यावा, परवाही करता यावा, म्हणून.

टेकडी उतरताना मात्र जपा. चढणं हृदयाचं काम, उतरणं मांडीचं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. सायकलवर असा भार त्याच्यावर कधीच येत नाही. त्यामुळे ४०० किलोमीटर मारलेला गडीदेखील पहिल्यांदा सिंहगड उतरून आला की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरतो. घाबरू नका, दोन-तीन वेळा उतरलात की स्नायू सरावतो. पण पहिल्या आठवड्यात लहान टेकडी, छोटी पावलं आणि हातात काठी. ओल्या कातळावर बूट घसरतात, हेही आलंच.

सावकाश धावण्याचंही असंच. सायकलस्वाराचं हृदय पहिल्या दिवशी पाच किलोमीटरला तयार असतं, नडगी आणि टाचेची शीर तयार नसते. आणि नडगी बोलते ती तीन आठवड्यांनी. म्हणून एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, अशी सुरुवात करा. अभिमान बाजूला ठेवा. धावताना त्याच श्रमाला नाडी सायकलपेक्षा पाच-दहा ठोके जास्त दिसते, पोहताना ती कमी दिसते, कारण शरीर आडवं असतं आणि पाणी थंड असतं. म्हणून सायकलवरचा आकडा दुसऱ्या व्यायामाला लावू नका. पुरी वाक्यं बोलता येणं, हीच कसोटी. पोहताना अर्थातच बोलता येत नाही. तिथे दर लांबीनंतर कडेला धाप न लागता थांबता आलं, तर जोर बरोबर आहे.

पोहणं मी आठवड्यातल्या थकलेल्या दिवसासाठी ठेवतो. लांब सायकलीनंतर मान आणि पाठ आखडलेली असते, पाण्यात ती मोकळी होते. जिममधलं रोइंगचं यंत्र उत्तम, कारण त्यात पाय, पाठ, हात सगळं राबतं. फक्त कंबर वाकवून ओढू नका. आणि ज्यांच्या घरी लहान मूल आहे, म्हातारी माणसं आहेत, ज्या बायकांना रविवारी पाच तास घराबाहेर पडणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी इमारतीचा जिना आहे. पाच मजले वर, लिफ्टने खाली. असं पाऊण तास. गुडघे वाचतात, मूल घरी झोपलेलं असतं, आणि हृदयाला टेकडी आणि जिना यातला फरक कळत नाही. माझ्याकडे सरावाला येणाऱ्या अनेक जणींनी पहिल्या २०० च्या बीआरएमचा पाया असाच घातला.

छातीत दुखणं, भोवळ, मधुमेह, रक्तदाब असं काही असेल तर आधी डॉक्टर. यावर जास्त बोलायची गरज नाही.

आता मर्यादांबद्दल. सायकल पूर्ण बंद करून कुणी सायकलस्वार होत नाही. साल्टिन यांच्या प्रयोगातला तो एक पाय विसरू नका. पायडलला मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे देणं टेकडी शिकवत नाही. सीटवर बारा तास बसण्याची कातडीची सवय फक्त सीटच लावते. तळहात बधिर होणं, मान धरणं, हे फक्त हँडलवर कळतं. रॅममध्ये तर काही स्वारांची मान इतकी थकते की डोकं वर धरताच येत नाही. त्याला मायकल शर्मर या स्वाराच्या नावाने 'शर्मर्स नेक' म्हणतात, १९८३च्या शर्यतीत त्यांना ते झालं होतं. कितीही टेकड्या चढलात तरी ही मान तयार होत नाही. म्हणून पावसाळ्यातही आठवड्यातले एक-दोन दिवस सायकलवर बसा. उघडीप मिळाली तर रस्त्यावर, नाहीतर घरात ट्रेनरवर. आणि पाऊस सरला की प्रमाण उलटं करा. ऑक्टोबरपासून सायकल जास्त, टेकडी कमी.

प्रमाण विचाराल तर नोकरी करणाऱ्या, आठवड्याला सहा-सात तास काढू शकणाऱ्या माणसाला जून ते सप्टेंबर मी असं सांगतो: आठवड्यात दोनदा टेकडी, त्यातली एक लांब, तीन तासांपर्यंत नेता येईल अशी. एकदा पोहणं किंवा रोइंग. एकदा किंवा दोनदा सायकल, आणि त्यातल्या एकाच दिवशी खरा जोर. बाकी सगळं बोलत बोलत. महिनाभर तुम्हाला काहीच घडतंय असं वाटणार नाही. घामाने चिंब होऊन घरी येण्याची सवय असलेल्या माणसाला हा महिना कठीण जातो, पुष्कळ जण इथेच सोडतात. दुसऱ्या महिन्यात तीच टेकडी त्याच गप्पांमध्ये दहा मिनिटं आधी संपते. सप्टेंबरात सायकल काढाल तेव्हा गेल्या वर्षी धाप लागायची त्या चढावर तुम्ही शेजाऱ्याशी बोलत असाल.

शेवटी मागच्या रांगेतल्या मंडळींना एक विनंती. येत्या रविवारी पाऊस असणार. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'राइड रद्द' असा निरोप टाकण्याऐवजी 'पहाटे सहाला टेकडीच्या पायथ्याशी' असा टाका. ज्यांना तुम्ही नेहमी मागे सोडून जाता, त्यांना आवर्जून बोलवा. आणि गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, बाकीच्यांनी त्याच्या मागून त्याच्याच चालीने चढायचं. मीही येणार आहे.